रिपोर्ट नॉर्मल आला, मग धाप का लागते?

मैत्रिणींनो, गटाच्या बैठकीत हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकते : "ताई, फुंकायची तपासणी केली, नॉर्मल आहे म्हणाले. पण हंडा घेऊन चढ चढला की धाप लागतेच." मग घरचे म्हणतात, मशीन काय खोटं बोलतंय? नाटक बंद कर, चल कामाला.

मशीन खोटं बोलत नाही. पण त्याला जेवढं विचारलं तेवढंच ते सांगतं.

या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. छातीभर श्वास घेऊन नळीत जोरात, अगदी शेवटपर्यंत फुंकायचं. एकूण हवा किती निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे मुख्यतः त्यात मोजतात. चुलीच्या धुराने किंवा दम्याने श्वासनळ्या अरुंद झाल्या की पहिल्या सेकंदाची हवा कमी भरते. एवढंच. तुमच्या अंगात रक्त किती, हृदय कसं चालतंय, हे त्या कागदावर नसतं.

आणि रक्ताचीच तर आपल्याकडे बोंब आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५४ बायकांना रक्तक्षय निघाला. रक्त कमी असलं की फुप्फुसं धडधाकट असूनही दम लागतो. म्हणून माझं म्हणणं, मोठ्या तपासणीसाठी गटातून कर्ज उचलण्याआधी सरकारी दवाखान्यात एचबी बघा. गरोदर नसाल तर १२ च्या खालचा आकडा कमीच समजायचा. हृदय आणि थायरॉईडबद्दलही डॉक्टरांना विचारा.

दम्याचं वेगळंच. त्रास पहाटे होतो आणि तपासणी दुपारी. उन्हात उभं राहून छप्पर गळतं का बघण्यासारखंच ते! त्रास कधी होतो, कशाने होतो (धूर, फोडणी, धान्य पाखडणं) हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि त्रास असताना तपासणी पुन्हा करता येईल का, ते विचारा. तपासणीआधी पंप घेतला असेल तर तेही सांगा, त्याने आकडे चांगले येतात. रिपोर्ट चांगला आला म्हणून पंप मनाने बंद करू नका, कदाचित तो पंपामुळेच चांगला आला असेल.

कधी उलटंही होतं. आकडे वाईट येतात आणि बाई म्हणते, मला काही होत नाही. खरं तर दोन हंड्यांचा एक कधी झाला, हे तिच्याही लक्षात आलेलं नसतं. तीन वर्षांपूर्वी करत होते आणि आता टाळते, असं कुठलं काम आहे, हे स्वतःला विचारून बघा.

फुंकताना लाजू नका. चूल फुंकण्यात आयुष्य गेलं तरी मशीनपुढे आपण पदर तोंडाला लावतो! अर्धवट फुंकलं तर आकडेही चुकतात. उंची अंदाजाने सांगू नका, मोजायला लावा. तुमचे आकडे तुमच्याच वयाच्या आणि उंचीच्या बाईशी ताडून बघतात. जुने रिपोर्ट पासबुकाच्या पिशवीतच ठेवा. पूर्वीपेक्षा किती घटलं, ते त्यावरूनच कळतं.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर रिपोर्ट काहीही असो, आशाताईंना सांगून बेडका तपासून घ्या. छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, थुंकीत रक्त, आडवं झाल्यावर श्वास कोंडणं, यातलं काही दिसलं तर बैठकीची वाट बघू नका. १०८ ला फोन करा.