रोखलेले अश्रू : साथीनंतरचा सेवकांचा थकवा

कोविडच्या साथीत आपल्या क्षेत्रात ज्वर, कास, श्वास यांची चर्चा पुष्कळ झाली. रुग्णसेवा करणाऱ्यांच्या मनाची झीज मात्र दुर्लक्षित राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये व्याधी-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'बर्नआउट'ची नोंद व्याधी म्हणून नव्हे, तर व्यवसायजन्य अवस्था म्हणून केली. शक्तिपात, कामाविषयी दुरावा व कार्यक्षमतेचा ऱ्हास ही तिची लक्षणे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग वर्णिले आहेत. २०२० व २०२१ मध्ये पीपीई कीट घालून कोविड कक्षात तासन्‌तास उभ्या राहिलेल्या परिचारिकेने त्यांपैकी किती रोखले, हे वैद्यांनी मोजून पाहावे. क्षुधा, पिपासा, मूत्र, निद्रा, श्रमजन्य श्वास. कीट मध्येच उतरविणे शक्य नसल्याने कामापूर्वी पाणीच न पिण्याचा मार्ग अनेकींनी पत्करला. सहावा वेग बाष्पाचा. नातलगांविना प्राण सोडणारा रुग्ण पाहायचा आणि लगेच शेजारच्या खाटेकडे वळायचे, तेथे अश्रूंना अवसर कोठला? शिवाय चष्म्याआडचे डोळे पुसताही येत नसत.

बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि व भ्रम संभवतात. त्यावर निद्रा, मद्य आणि प्रिय कथा हे उपाय चरकाचार्य सांगतात. मद्याचा सल्ला आज कोणी देऊ नये. परंतु जिव्हाळ्याच्या संभाषणास औषधाच्या पंक्तीत स्थान देणारी ही दृष्टी आम्हांस फार मोलाची वाटते. अनशन, चिंता, भय, शोक व जागरण ही ओजक्षयाची हेतुमालिका तर जणू त्या दोन वर्षांचेच वर्णन होय.

तेव्हा अशा रुग्णास 'अश्वगंधा घ्या' एवढे सांगून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. निदानपरिवर्जन आधी. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा स्वयंसेविकांनी मानधनवाढीसाठी संप केला. त्यांच्या चिंतेचे मूळ ब्राह्मीघृताने कसे जाणार? विश्रांती, नियमित आहार, अभ्यंग व सत्त्वावजय यांच्या जोडीनेच रसायनाचा विचार व्हावा, तोही अग्नी पाहून.

औषधालयचालकांनीही आपल्या माणसांकडे पाहावे. काढ्याची पाकिटे मागणाऱ्या गर्दीस तोंड देणारे नोकर तेच होते, आणि कित्येकांची साप्ताहिक सुटी त्या काळात बुडाली. आत्मघाताचे विचार बोलून दाखविणाऱ्यास मात्र कालहरण न करता मनोविकारतज्ज्ञांकडे धाडावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस'ची १४४१६ ही निःशुल्क सेवा उपलब्ध आहे. हा क्रमांक गल्ल्याजवळ ठळक अक्षरांत लावावा, ग्राहकांसाठी आणि गल्ल्यामागे उभ्या असलेल्यांसाठीही.