सातबाऱ्यावर भात, शेतात तिवर

पोयनाडहून शहापूर-धेरंडकडे निघालं की बांधाच्या आत भात आणि बाहेर खाडी, ही खारेपाटाची जुनी मांडणी दिसायला हवी. कित्येक ठिकाणी ती दिसत नाही. बांधाच्या आतही तिवरंच दाटली आहेत. सातबाऱ्यावर पीक मात्र भात.

खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. मोठ्या भरतीचं पाणी तिच्यापेक्षा उंच चढतं. बांध घालून खाडी बाहेर ठेवायची, ओहोटीला उघाडीतून आतलं पाणी सोडायचं आणि पावसाने वरच्या थरातलं मीठ धुऊन नेलं की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. राता भात थोडा खारेपणा सोसतो. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे ‘पनवेल’ वाणही याच गरजेतून निघाले. इथल्या कुळांना ही जमीन किती मोलाची होती, ते चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपावरून कळतं. खोतांच्या वाट्याविरुद्ध त्यांनी १९३३पासून १९३९पर्यंत ती नांगरलीच नाही.

एखाद्या उधाणाला बांधाला खांड पडते. ती वेळेत बुजली नाही, तर पुढच्या प्रत्येक मोठ्या भरतीला पाणी आत येतं. भात जातो. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी साय धरते. मग जाड, रसाळ पानांची खारी झुडपं आणि खारं गवत येतं, आणि पावसाळ्यात गळालेलं तिवराचं बी भरतीवर तरंगत आत शिरून चिखलात रुजतं. जिथे उघाडी गाळाने बुजून पावसाचंच पाणी तुंबतं, तिथे पाणकणीस माजतं. म्हणजे खाडी आत आली की पाऊस अडला, हे झाडंच सांगतात. फक्त ती कुणी टिपून ठेवायला हवीत.

इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात टोल्सबरीला १९९५ साली २१ हेक्टर शेतजमिनीचा बांध मुद्दाम फोडला गेला. पाणी आत घेण्याआधीच जमिनीची उंची मोजली होती. नंतर किती उंचीवर कोणती वनस्पती कधी आली, याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. आपल्याकडे बांध आपसूक फुटतात आणि मोजणारा पोहोचतो तेव्हा झाडं डोक्यावर गेलेली असतात.

मोजणी होत नाही असं नाही, पण ती वरून होते. देशाच्या वनस्थिती अहवालांत महाराष्ट्रातली कांदळवनं, म्हणजे तिवरांसारख्या झाडांची रानं, २०१३ साली १८६ चौरस किलोमीटर होती, २०१५ला २२२, २०१७ला ३०४ आणि २०२१ला ३२४. दोन वर्षांत ८२ चौरस किलोमीटर रान उगवत नाही. त्यातला काही वाटा उपग्रहाची नजर सुधारल्याचा असणार. शिवाय एक हेक्टरखालचा ठिपका त्या नकाशात येत नाही. खांडीजवळची पहिली रोपं नेमकी तेवढीच असतात.

हा प्रश्न वनस्पतिशास्त्रापुरता नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या आदेशाने आणि २०१८च्या निकालाने कांदळवनाला हात लावणं बंद झालं. ते योग्यच झालं. ही झाडं नसती तर किनाऱ्याची आणखी धूप झाली असती आणि मासळीला आसरा उरला नसता. पण ज्याच्या शेतात ती बांध फुटल्यामुळे आली, त्याला शेत परत नाही आणि आपण झाडं लावली नाहीत हे दाखवायला कागदही नाही. माझ्या मते इथे चूक झाडाची नाही, शेतकऱ्याचीही नाही. न लिहिलेल्या तारखेची आहे.

यासाठी लागतं थोडंच. खांडीपासून कोरड्या जमिनीपर्यंत एका रेषेत खुंट्या, दर खुंटीशी मीटरभर चौकोन, त्यातली झाडं, पाण्याची खोली आणि मातीचा खारेपणा. वर्षातून दोन फेऱ्या, एक मे महिन्यात आणि एक पाऊस ओसरल्यावर. गावातल्या कॉलेजची मुलं हे करू शकतील आणि कोणत्या उधाणाला पाणी कुठवर चढतं, हे त्यांना घरातल्या म्हाताऱ्यांकडून कळेल. तेव्हा खारेपाटातल्या वाचकांना एवढंच सांगणं: आपल्या बांधाला खांड पडली तर त्याच दिवशी तारीख घालून फोटो काढा, खुंटी ठोका आणि पंचनाम्यात त्या दिवशी शेतात काय उभं होतं ते लिहून घ्या.