विश्लेषण : अमेरिकेतील ‘स्टेट पार्क’ लोकांना एवढी प्रिय का? ती टिकवण्यासाठी नागरिकांना का झगडावे लागते?

अमेरिकेत मुलांकडे दोन-तीन महिन्यांसाठी जाणाऱ्या मराठी आई-वडिलांच्या सहलीच्या यादीत नायगारा हमखास असतो. मात्र अमेरिकेच्या बाजूने हा धबधबा ज्या उद्यानातून दिसतो ते राष्ट्रीय उद्यान नसून न्यूयॉर्क राज्याचे ‘स्टेट पार्क’ आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनसारखी राष्ट्रीय उद्याने आयुष्यात एखाद-दोनदा पाहिली जातात. सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन जाण्याचे, मुलांना पोहायला नेण्याचे, तंबू ठोकून रात्र काढण्याचे ठिकाण म्हणजे घराजवळचे स्टेट पार्क. ही उद्याने उभी कशी राहिली आणि गेल्या काही वर्षांत त्यांच्यावरून वाद का झाले, याचा हा आढावा.

स्टेट पार्क म्हणजे नेमके काय?

राष्ट्रीय उद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अखत्यारीत येतात, तर स्टेट पार्क त्या-त्या राज्याच्या. पन्नासही राज्यांत अशी उद्याने आहेत. एकट्या कॅलिफोर्नियात उद्याने, समुद्रकिनारे आणि ऐतिहासिक स्थळे मिळून सुमारे २८० ठिकाणे राज्याच्या उद्यान विभागाकडे आहेत. निसर्गाचे रक्षण आणि लोकांचे मनोरंजन ही दोन्ही उद्दिष्टे येथे बरोबरीने चालतात. त्यामुळे पायवाटा, तळी, होड्या, मासेमारी, शेकोटीच्या जागा आणि तंबूंसाठी आखून दिलेली ठिकाणे असा बेत बहुतेक ठिकाणी असतो. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ठिकाणांना २०२४ मध्ये ३३ कोटींहून अधिक भेटींची नोंद झाली. सर्व राज्यांतील स्टेट पार्कना वर्षाला होणाऱ्या भेटी याच्या दुपटीहून जास्त आहेत.

ही कल्पना कुठून आली?

१८६४ मध्ये अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी योसेमिटीचे खोरे आणि तेथील मॅरिपोसा वृक्षराई सार्वजनिक वापरासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली केली. पहिले राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन १८७२ मध्ये झाले. म्हणजे निसर्गस्थळ जपण्याची जबाबदारी राज्याकडे सोपवण्याचा प्रयोग त्याच्याही आधीचा आहे. १९०६ मध्ये योसेमिटी पुन्हा केंद्राकडे गेले.

नायगाऱ्याची कथा अधिक बोलकी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या बाजूची जागा खासगी मालकांनी व्यापली होती. काठावर गिरण्या होत्या, कुंपणे होती आणि धबधबा नीट पाहायचा तर पैसे मोजावे लागत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्यासह अनेकांनी ‘नायगारा मुक्त करा’ अशी चळवळ चालवली. अखेर राज्याने जमिनी ताब्यात घेतल्या, बांधकामे हटवली आणि १८८५ मध्ये हे उद्यान सर्वांसाठी खुले केले. ते अमेरिकेतील सर्वात जुने स्टेट पार्क मानले जाते. आजही तेथे पायी येणाऱ्याला प्रवेशशुल्क नाही. पैसे लागतात ते वाहनतळाचे आणि बोटीच्या फेरीचे.

१९३० च्या दशकातील महामंदीत या उद्यानांना मोठे बळ मिळाले. बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या सरकारने १९३३ मध्ये ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना सुरू केली. या तरुणांनी बांधलेले दगडी पूल, लाकडी घरे आणि पायवाटा आजही देशभर वापरात आहेत.

आवर्जून पाहावीत अशी उद्याने कोणती?

न्यूजर्सीत उतरलेल्यांना सर्वात सोयीचे म्हणजे जर्सी सिटीचे लिबर्टी स्टेट पार्क. रेल्वेच्या पडीक यार्डांच्या जागेवर ते १९७६ मध्ये सुरू झाले. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा येथून अगदी समोर दिसतो आणि तेथे जाणारी बोटही येथून सुटते. काठाकाठाने सपाट रस्ता असल्यामुळे ज्येष्ठांनाही फिरणे सोपे जाते.

कॅलिफोर्नियात सॅन होजे परिसरात राहणाऱ्यांसाठी बिग बेसिन रेडवूड्स जवळ आहे. १९०२ मध्ये स्थापन झालेले हे त्या राज्यातील सर्वात जुने स्टेट पार्क. हजार वर्षांहून जुनी रेडवूडची झाडे ही त्याची ओळख. ऑगस्ट २०२० च्या वणव्यात उद्यानाचा ९७ टक्के भाग होरपळला आणि १९३० च्या दशकात बांधलेले मुख्यालयही जळाले. मात्र जाड सालीमुळे बहुतेक जुने रेडवूड तगले आणि काळ्या पडलेल्या बुंध्यांवर हिरवे कोंब फुटले. जुलै २०२२ मध्ये उद्यानाचा काही भाग पुन्हा उघडला. जंगल आगीतून कसे सावरते, हे तेथे प्रत्यक्ष पाहायला मिळते.

टेक्सासच्या उत्तरेला अमारिलोजवळ पालो ड्युरो कॅन्यन आहे. लाल-केशरी थरांच्या कड्यांची ही दरी सुमारे ८०० फूट खोल आहे. दक्षिण डकोटातील कस्टर स्टेट पार्क सुमारे ७१ हजार एकरांचे असून तेथे हजाराहून अधिक बायसनचा कळप मोकळा फिरतो. सप्टेंबरअखेर घोडेस्वार हा कळप हाकत आणतात, तेव्हा ते पाहायला हजारोंची गर्दी लोटते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेतील अँझा-बोरेगो हे वाळवंटी उद्यान वसंतातील रानफुलांसाठी आणि काळ्याभोर आकाशातील ताऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

खर्च कसा भागतो?

प्रत्येक राज्याची वाट वेगळी. मिसुरीतील मतदारांनी १९८४ मध्ये विक्रीकरात एक-दशांश टक्का वाढ मान्य केली. त्यातला निम्मा वाटा उद्यानांना आणि निम्मा मृदसंधारणाला जातो. तेथील उद्यानांना प्रवेशशुल्क नाही. मिशिगनमध्ये २०१० पासून वाहननोंदणीच्या नूतनीकरणाबरोबरच ऐच्छिक उद्यान-शुल्क भरता येते. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी गाडीमागे शुल्क आहे. मात्र २०२२ पासून तेथील सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकाप्रमाणे उद्यानाचा पासही घरी नेता येऊ लागला.

अर्थसंकल्पाला कात्री लागली की पहिला फटका उद्यानांना बसतो. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने ७० उद्याने बंद करण्याची घोषणा केली. लोकांनी देणग्या गोळा केल्या, स्थानिक संस्था पुढे आल्या. त्यानंतर जुलै २०१२ मध्ये उद्यान विभागाच्या दोन निधींत मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर नोंदीबाहेर पडून असल्याचे उघड झाले आणि विभागाच्या संचालकांना पद सोडावे लागले.

अलीकडे वाद कशावरून झाले?

पहिला प्रश्न मालकीचा. टेक्सासमधील फेअरफिल्ड लेक स्टेट पार्क १९७६ पासून सुरू होते, पण त्याची जमीन राज्याची नव्हती. एका वीज कंपनीने ती भाडे न घेता वापरायला दिली होती. कोळशावरचा वीज प्रकल्प २०१८ मध्ये बंद पडला, पुढे जमीन विक्रीला निघाली आणि २०२३ मध्ये एका विकासकाने ती घेतली. जवळपास अर्धे शतक लोक जेथे मासे पकडत होते, तेथील फाटक बंद झाले. राज्याने सक्तीने भूसंपादन करण्याचा निर्णय घेतला, पण भरपाईचा आकडा ४० कोटी डॉलरच्या पुढे गेल्यावर माघार घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये टेक्सासच्या मतदारांनी उद्यानांसाठी जमिनी विकत घेण्याकरिता १०० कोटी डॉलरच्या निधीला मोठ्या बहुमताने मंजुरी दिली.

दुसरा प्रश्न वापराचा. ऑगस्ट २०२४ मध्ये फ्लोरिडातील नऊ स्टेट पार्कमध्ये गोल्फची मैदाने, पिकलबॉलची कोर्ट आणि ३५० खोल्यांपर्यंतची निवासस्थाने बांधण्याची योजना बाहेर आली. जोनाथन डिकिन्सन उद्यानातील गोल्फ मैदाने ज्या जागेवर होणार होती, तेथे ‘स्क्रब-जे’ या दुर्मीळ पक्ष्याचा अधिवास आहे. पक्षभेद विसरून लोक रस्त्यावर उतरले. काही दिवसांतच योजना मागे घेतली गेली आणि मे २०२५ मध्ये अशा बांधकामांना मनाई करणारा कायदा झाला.

जाण्यापूर्वी काय पाहावे?

त्या राज्याच्या उद्यान विभागाच्या संकेतस्थळावर उद्यान सुरू आहे का, आरक्षण लागते का आणि वणव्याचा इशारा आहे का, हे तपासावे. कॅलिफोर्नियात तंबूच्या जागांचे आरक्षण सहा महिने आधी उघडते. लोकप्रिय उद्यानांचे वाहनतळ शनिवार-रविवारी सकाळीच भरतात, त्यामुळे शक्य असल्यास मधला वार निवडावा. पालो ड्युरोच्या तळाशी उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जाते. तेथे भर दुपारी चालणे टाळावे. बायसन संथ दिसला तरी माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो, त्यामुळे छायाचित्रासाठी जवळ जाऊ नये.

महाराष्ट्राशी तुलना कशी करता येईल?

महाराष्ट्रातील सहाही राष्ट्रीय उद्याने राज्याचा वन विभागच सांभाळतो. मात्र त्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो आणि तेथे वन्यजीवांना प्राधान्य आहे. ते योग्यही आहे. सर्वसामान्य कुटुंबाने दिवसभर झाडाखाली बसावे, मुलांनी पाण्यात उतरावे, रात्र तंबूत काढावी, यासाठी शहराजवळ राखलेल्या मोठ्या सार्वजनिक जागा आपल्याकडे कमी आहेत. म्हणूनच बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मुंबईकरांसाठी दोन्ही कामे करते. तेथे बिबट्याचे घरही आहे आणि रविवारची सहलही.

अशा जागा एकदा जाहीर झाल्या म्हणून कायमच्या राहत नाहीत, हे अमेरिकेतील उदाहरणांतून दिसते. फेअरफिल्डची जमीन सरकारच्या नावावर नव्हती, म्हणून ती गेली. फ्लोरिडातील उद्याने राज्याच्याच ताब्यात होती, तरीही ती जशीच्या तशी राहिली ती लोक वेळीच बोलले म्हणून. सातबारा कोणाच्या नावावर आहे आणि त्या जागेवर काय बांधायचे ठरते आहे, या दोन्हींकडे नागरिकांचे लक्ष असावे लागते.