अर्धपोटी वाढणारं झुडूप

टिश्यू कल्चरचं रोप जळगावच्या केळीवाल्याला नवं नाही. अमेरिकेतल्या रानटी ब्लूबेरीला मात्र प्रयोगशाळेतल्या बाटलीत रुजायला बराच काळ लागला. अडचण होती ती झुडपाच्या स्वभावात.

हा स्वभाव आधी ओळखला तो फ्रेडरिक कोव्हिल या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने. तोवर ब्लूबेरी रानातून वेचून आणायची वस्तू होती. बागेत लावली की मरायची. १९०६ पासून कोव्हिलने कुंड्यांमधून प्रयोग केले आणि कारण हाती लागलं. चुना आणि शेणखत घातलेल्या ज्या कसदार मातीत बाकीची पिकं माजतात, तिच्यातच हे झुडूप खंगतं. त्याला हवी आंबट, निकस, पीटची जमीन. १९१० साली त्याने हे प्रसिद्ध केलं.

न्यू जर्सीत वडिलांच्या क्रॅनबेरीच्या मळ्यावर काम पाहणाऱ्या एलिझाबेथ व्हाइट यांनी ते वाचलं आणि कोव्हिलला जमीन देऊ केली. आसपासच्या रानात बेऱ्या वेचणाऱ्यांना त्यांनी ॲल्युमिनियमची एकेक पट्टी दिली. पट्टीला ५/८ इंचाचं भोक. तेवढ्या मोठ्या फळांचं झुडूप दाखवायचं आणि पैसे घ्यायचे. शिवाय झुडपाला नाव शोधणाऱ्याचं. रूब लीक नावाच्या माणसाने दाखवलेलं झुडूप ‘रुबेल’ झालं. ते वाण आजही लागवडीत आहे. १९१६ साली पहिला माल बाजारात गेला. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही भोकाची पट्टी. प्रयोगशाळा झाडाची हुबेहूब नक्कल करते, पण कोणत्या झाडाची करायची, हे रानात हिंडणाऱ्यानेच सांगावं लागतं.

पुढची कित्येक वर्षं अभिवृद्धी छाट कलमांवरच चालली. ती संथ, आणि काही वाणांची छाटं मुळं धरायला कुरकुरणारी. दरम्यान १९६२ साली मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या ऊतींसाठी एक माध्यम तयार केलं. क्षारांनी भरगच्च असं ते माध्यम जगभरच्या प्रयोगशाळांनी उचललं. ब्लूबेरीला ते मानवलं नाही. कोव्हिलच्या कुंडीतला धडा बाटलीत नव्याने गिरवावा लागला! वाट दाखवली ती तिच्याच कुळातल्या भावंडांनी. १९७५ मध्ये ऱ्होडोडेंड्रॉनसाठी आणि १९८० मध्ये माउंटन लॉरेलसाठी हलकी माध्यमं निघाली. क्षार कमी, नायट्रेट बेताचं, सामू पाचच्या आसपास. तिथे ब्लूबेरी फुटली. संजीवकांतही नखरे. केळीला चालणारं बीएपी इथे फारसं कामाचं नाही. टूआयपी किंवा महागडं झिएटिन लागतं.

बरणीत दिसतो तो सुतळीहून बारीक फुटव्यांचा झुबका, इवल्याशा पानांचा. त्याचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे काढून थेट ओल्या पीटमध्ये खोचतात आणि भरपूर दमट हवेत ठेवतात. मुळं तिथेच फुटतात, त्यामुळे मुळांसाठी वेगळी बाटली लागत नाही आणि हार्डनिंगही सोबतच उरकतं.

खरी गंमत ठेंगण्या रानटी ब्लूबेरीत आहे. मेन राज्यात आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याकडे तिची शेतं कुणी लावलेली नाहीत. जंगल हटल्यावर ती आपोआप पसरली, जमिनीखालच्या आडव्या खोडांनी. छाट कलमाचं रोप ही खोडं फारशी सोडत नाही, एका जागी उभं राहतं. बियांचं रोप पसरतं, पण आईच्या गुणाचं निघेलच असं नाही. बाटलीतलं रोप मात्र आईचेच गुण घेऊन बियांच्या रोपासारखं पसरतं. शेतातले उघडे तुकडे भरायला आणखी काय हवं?

पण इथेही झुडपाची अट आहेच. ही ठेंगणी ब्लूबेरी बहुतांशी स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. रानटी शेतात शेजारी-शेजारी वेगवेगळी झुडपं असतात, मधमाश्या त्यांच्यात फिरतात आणि काम भागतं. एकाच उत्तम झुडपाची हजारो रोपं आणून सारं शेत भरलं, तर फुलांचा बहर येईल, फळं मात्र थोडीच लागतील. म्हणून प्रयोगशाळेला एका निवडीवर थांबता येत नाही. एकाच वेळी फुलणारी निरनिराळी झुडपं वाढवून ती मिसळून लावावी लागतात.