दूरचित्रवाणीच्या मोकळ्या वाहिन्या

दोन शेतांमधला बांध कोणी पेरीत नाही; तथापि त्यावरील गवत गुरांच्या उपयोगी पडते. दूरचित्रवाणीच्या लहरींचेही असेच आहे. शेजारच्या प्रक्षेपण केंद्रांनी एकमेकांच्या कार्यक्रमांत व्यत्यय आणू नये म्हणून त्यांना निरनिराळ्या वाहिन्या नेमून दिलेल्या असतात. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी काही वाहिन्या मोकळ्याच राहतात.

भारतात ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात प्रत्येकी ८ मेगाहर्ट्झ रुंदीच्या १५ वाहिन्या मावतात. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१४ च्या सुमारास हिशेब मांडला, तेव्हा देशात जवळजवळ सर्वत्र त्यांपैकी किमान १२ मोकळ्या आढळल्या. याच लहरींवरून पालघर परिसरातील खेड्यांत इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोगही या संस्थेने केला.

याच लहरी का? ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर, तर घरगुती वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची अवघी साडेबारा. लांब लहर पानाफांद्यांतून जाताना कमी क्षीण होते. म्हणून जेथे तार नेणे परवडत नाही, अशा झाडीतल्या पाड्यावरही ती पोहोचू शकते.

मात्र बांधावरच्या गुराने पिकाला तोंड लावता कामा नये. यासाठी यंत्र आधी आपले स्थान एका माहितीकोशास कळविते व तेथे मोकळी असलेलीच वाहिनी वापरते. अशा वापरास अमेरिकेने २००८ मध्ये तत्त्वतः मुभा दिली. मोकळी वाहिनी कोणाला व कोणत्या अटींवर द्यावी, हे शासनाने ठरवावयाचे असते. आणि पाड्यावरील मुलाच्या हाती ज्ञानभांडार येते की नाही, हे बऱ्याच अंशी त्या निर्णयावर अवलंबून असते.