शाळा भारी की मुलं भारी? कट-ऑफच्या रेषेवरचं संशोधन

परवा एका ज्युनिअरने सिनॉप्सिस वाचायला पाठवली. विषय होता नामांकित शाळेचा विद्यार्थ्यांच्या गुणवत्तेवर होणारा परिणाम. पद्धत अशी: नामांकित शाळेतल्या शंभर मुलांचे गुण घ्यायचे, साध्या शाळेतल्या शंभर मुलांचे घ्यायचे, टी-टेस्ट लावायची, झालं. मला हसू आलं नाही, कारण माझी पहिली सिनॉप्सिस जवळजवळ हीच होती. गाईडनी दोन पानं वाचून एवढंच विचारलं होतं, "शाळेत शिरण्याआधीच ही मुलं वेगळी होती, त्याचं काय करणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधण्यात सहा महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून आज हा विषय एका खऱ्या शाळेच्या निमित्ताने घेतोय.

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ, व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काउंटीत थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी नावाची सरकारी शाळा आहे. सगळे तिला 'टीजे' म्हणतात. तिथे साधारणपणे मूल घराजवळच्या ठरलेल्या सरकारी शाळेत जातं. मॅग्नेट शाळा मात्र खास अभ्यासक्रमाच्या जोरावर लांबलांबची मुलं ओढून घेते, म्हणून हे चुंबकाचं नाव. १९६० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना आली तेव्हा हेतू होता तो गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांतली मुलं सक्तीशिवाय एका वर्गात यावीत हा. गंमत बघा, त्याच प्रकारच्या शाळेला प्रवेश परीक्षा लावली की वर्गात विविधता येण्याऐवजी ती जायला लागते.

टीजेत तेच झालं होतं. २०२० मध्ये ज्यांना प्रवेश मिळाला त्यांत सुमारे ७३ टक्के मुलं आशियाई वंशाची होती (भारतीय स्थलांतरितांची मुलं त्यात बरीच), आणि गरीब घरातली एक टक्कासुद्धा नव्हती. त्या वर्षअखेरीस स्कूल बोर्डाने प्रवेश परीक्षा आणि १०० डॉलरची अर्ज फी काढून टाकली. नवा नियम असा: प्रत्येक माध्यमिक शाळेला तिच्या आठवीच्या पटाच्या दीड टक्का जागा राखीव, आणि त्या त्या शाळेतल्या सर्वांत वरच्या अर्जदारांना. उरलेल्या जागा सगळ्यांसाठी खुल्या. अर्ज तपासणाऱ्याला मुलाचं नाव किंवा वंश कळत नाही. २०२१ च्या पहिल्या तुकडीत गरीब घरातल्या मुलांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं आणि आशियाई मुलांचं सुमारे ५४ टक्क्यांवर आलं. पालक कोर्टात गेले, खालच्या कोर्टात जिंकले, २०२३ मध्ये अपिलात हरले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला नकार दिला. तुमचा कुणी मावसभाऊ त्या भागात राहत असेल तर जेवताना हा विषय काढू नका, ताट गार होईल.

आता आपल्या कामाचा आकडा. नॅशनल मेरिट ही तिथली प्रतिष्ठेची शिष्यवृत्ती. टीजेतून तिच्या सेमीफायनलला पोहोचलेल्या मुलांची संख्या जुन्या पद्धतीच्या शेवटच्या तुकडीत १६५ होती, नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीत ८१. लगेच ओरड झाली: विविधता आणली, गुणवत्ता बुडाली.

थांबा. या शिष्यवृत्तीत सेमीफायनलच्या जागा राज्यवार वाटलेल्या असतात आणि प्रत्येक राज्याचा कट-ऑफ वेगळा असतो. म्हणजे व्हर्जिनियाच्या वाट्याच्या जागा टीजेच्या प्रवेश नियमामुळे कमी होत नाहीत. टीजेतून कमी झालेली मुलं राज्यातल्या दुसऱ्या कुठल्यातरी शाळांच्या यादीत जातात. शिवाय या तुकडीने आठवीचं वर्ष कोविडमध्ये बरंचसं घरी बसून काढलं, आणि जी परीक्षा दिली ती २०२३ मध्ये पहिल्यांदाच कागदावरून कॉम्प्युटरवर आली होती. एका वर्षात तीन गोष्टी बदलल्या आणि दोष एकीवर. व्हायव्हात असं बोललात तर बाहेरून आलेले परीक्षक सोडणार नाहीत.

पण दुसऱ्या बाजूलाही आयता विजय देऊ नका. "मुलं फक्त दुसऱ्या शाळेत गेली, नुकसान काही नाही" हाही दावाच आहे. टीजेत शिकूनच ती एवढी पुढे गेली असती, असं कुणी म्हटलं तर? म्हणजे प्रश्न फिरून तोच: शाळेचा स्वतःचा परिणाम किती?

इथे कट-ऑफ कामाला येतो. आपल्यापैकी अनेकांनी 'एका मार्काने हुकलं' हे दुःख भोगलंय. संशोधकासाठी मात्र ते सोनं आहे. कट-ऑफच्या जरा वर आणि जरा खाली असलेली मुलं हुशारीत, घरच्या परिस्थितीत जवळपास सारखीच. त्या दिवशी झोप नीट झाली की नाही एवढाच काय तो फरक. एकाला शाळा मिळाली, दुसऱ्याला नाही. दोघांचे पुढचे गुण आलेखावर मांडा. रेषेपाशी उडी दिसली तर ती शाळेची कमाई. याला रिग्रेशन डिसकंटिन्युइटी म्हणतात. नाव जड आहे, कल्पना नाही.

अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पाठक यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांवर हेच केलं. 'द एलिट इल्युजन' हा त्यांचा पेपर २०१४ मध्ये 'इकॉनोमेट्रिका'त आला. रेषा ओलांडली की मुलाचे वर्गमित्र एकदम बदलतात: जास्त हुशार, आणि काळ्या व हिस्पॅनिक मुलांचं प्रमाण कमी. म्हणजे वर्गाच्या विविधतेत खरोखर मोठी उडी आहे. आणि गुणांत? बहुतेक ठिकाणी उडी जवळजवळ नाहीच. डॉबी आणि फ्रायर यांनी न्यूयॉर्कच्या शाळा घेऊन कॉलेजप्रवेश आणि पदवीपर्यंत पाहिलं, तिथेही फारसं काही सापडलं नाही.

हे वाचून मी इतका खूश झालो की पुढच्या मीटिंगला 'शाळेने काही फरक पडत नाही' असं ठोकून दिलं. गाईड म्हणाले, "रेषेवरच्या मुलाला पडत नाही, एवढंच म्हण." बरोबर होतं. ही पद्धत रेषेजवळच्या मुलाबद्दल बोलते. यादीत पहिल्या आलेल्या मुलीबद्दल ती गप्प आहे, आणि जिच्या शाळेतून आजवर कुणी अर्जच केला नव्हता तिच्याबद्दलही. शिकागोत वस्तीनुसार जागा वाटतात. तिथल्या अभ्यासात गरीब वस्त्यांतून निवडक शाळेत गेलेल्या मुलांच्या चाचणीगुणांत विशेष फरक नव्हता, पण वर्गातली सरासरी श्रेणी घसरली, कारण आजूबाजूचे सगळेच तगडे. पुढे चांगलं कॉलेज मिळवताना ही श्रेणी मोजली जाते. माझ्या मते विविधतेच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा निष्कर्ष टाळू नये.

मग टीजेबद्दल नीट अभ्यास कसा करायचा? अडचण अशी की प्रवेश परीक्षाच गेल्यामुळे 'जुन्या नियमाने कोण आत आलं असतं' हे आता ओळखता येत नाही. मोजपट्टीच गेली. पण दीड टक्क्याच्या नियमाने नकळत एक काम केलंय: प्रत्येक माध्यमिक शाळेची स्वतःची रेषा तयार झालीय. काही रेषा खूप वर, काही बऱ्याच खाली. म्हणजे एकाऐवजी अनेक उड्या मोजता येतील, आणि खालच्या रेषांवर नेमकी तीच मुलं सापडतील ज्यांच्याबद्दल बोस्टनचा अभ्यास काही सांगू शकत नव्हता. त्यासाठी आत आलेल्यांइतकाच नाकारलेल्या अर्जदारांचाही पुढचा डेटा लागेल.

ज्युनिअरला मी तेवढंच लिहून पाठवलं: तुझ्या नामांकित शाळेने ज्यांना प्रवेश नाकारला त्यांची यादी मिळते का, आधी ते बघ.