मी उडवलं की त्यानं? स्पॅनिशचा साधा भूतकाळ

आजचा भाग लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नसेल, तर ही घ्या ट्रान्सक्रिप्ट. एकच खूण लक्षात ठेवा: ज्या अक्षरापुढे ऽ दिसेल, त्यावर जोर द्यायचा.

आधी माझी फजिती. मेक्सिकोतल्या टीमबरोबर कॉल चालू होता. टेस्टिंगच्या डेटाबेसमधलं एक टेबल गायब होतं आणि विषय रात्री चाललेल्या स्क्रिप्टचा होता. मला सांगायचं होतं, 'तिनंच टेबल उडवलं.' मी अगदी कॉन्फिडन्सनं म्हणाले, "बोऽर्रो ला ताऽब्ला." पलीकडून एकदम, "नो, नो, नो!" कारण मी म्हणाले होते, 'मी टेबल उडवतेय!' म्हणायला हवं होतं, 'बोर्रोऽ.' बाकी शब्द तोच, फक्त जोर शेवटी.

आता नियम बघू. बोर्राऽर म्हणजे पुसणं, डिलीट करणं. शेवटचं 'आर' काढा आणि शेपटी जोडा:

मी – बोर्रेऽ
तू – बोर्राऽस्ते
तो, ती, आदरार्थी तुम्ही – बोर्रोऽ
आम्ही, आपण – बोर्राऽमोस
तुम्ही सगळे – बोर्राऽस्तेइस
ते, त्या – बोर्राऽरोन

यातलं पाचवं रूप स्पेनमध्ये चालतं. मेक्सिकोत 'तुम्ही सगळे'साठीही बोर्राऽरोनच. आणि बोर्राऽमोस वर्तमानकाळातही अगदी असंच असतं, त्यामुळे गोंधळ नको असेल तर सोबत 'आयेऽर', म्हणजे 'काल', जोडून द्या.

'एर' आणि 'ईर'वाल्या नियमित क्रियापदांना दुसरा सेट लागतो, पण दोघांना मिळून एकच. कोमेऽर म्हणजे खाणं: कोमीऽ, कोमीऽस्ते, कोमिओऽ, कोमीऽमोस, कोमीऽस्तेइस, कोमिएऽरोन. बिबीऽर म्हणजे राहणं, जगणं. त्याचंही तसंच: बिबीऽ, बिबीऽस्ते, बिबिओऽ...

आता गंमत बघा. मराठीत मुलगा म्हणतो 'मी बोललो', मुलगी म्हणते 'मी बोलले'. 'मी भात खाल्ला', पण 'मी पोळी खाल्ली'. इथे तर क्रियापद चक्क ताटातल्या पदार्थामागे जातं! स्पॅनिशमध्ये ही भानगडच नाही. भात असो की पोळी, मुलगा असो की मुलगी, मी खाल्लं म्हणजे कोमीऽ. क्रियापद एवढंच विचारतं: केलं कोणी?

आणि म्हणूनच जोर महत्त्वाचा. स्पॅनिशमध्ये 'मी', 'तो' हे शब्द बहुतेक वेळा गाळतात. मग कोणी केलं आणि कधी केलं, हे सांगायची सगळी जबाबदारी त्या शेपटीवर येते. लिहितानाही 'मी' आणि 'तो'च्या रूपांत शेवटच्या स्वरावर छोटी तिरकी रेघ देतात. चॅटमध्ये टाइप करताना ती विसरलात, की झालाच माझ्यासारखा घोळ.

शेवटचं. हा काळ झालं-संपलं अशा गोष्टींसाठी आहे, म्हणजे 'मी बोलले'. 'मी रोज बोलायचे' यासाठी स्पॅनिशमध्ये वेगळा भूतकाळ आहे. तो पुढच्या भागात.

तोवर होमवर्क: आब्लाऽर म्हणजे बोलणं. त्याची सहाही रूपं मोठ्यानं म्हणा. मनात नको, जोर कळत नाही. घरचे बघतील, बघू देत. भेटूच!